दोन्ही सारखेच तर आहेत

गडचिरोली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी भरलेल्या शालेय विज्ञान प्रदर्शनात आम्ही गुरू ग्रहाची दोन छायाचित्रे लावली होती. चंद्रपुरातल्या एका गच्चीवरून, आठ इंची आरशाच्या दुर्बिणीतून, आमच्यातल्याच एका मित्राने ती घेतली होती. पहिले रात्री अकरा वाजून पाच मिनिटांनी आणि दुसरे सव्वाअकरा वाजता. दोन्ही एकाच आकाराची, एका पुठ्ठ्यावर शेजारीशेजारी टाचलेली. पुठ्ठा टांगून आम्ही चहाला गेलो आणि परतलो तेव्हा त्यावर एकच गुरू उरला होता. दुसऱ्याच्या जागी पाणी वाचवण्याचा संदेश देणारे एक रंगीत चित्र विराजमान झाले होते. व्यवस्था पाहणारे गृहस्थ सज्जन होते. विचारताच त्यांनी काढलेला गुरू खिशातून अदबीने परत केला आणि म्हणाले, "दोन्ही सारखेच तर आहेत जी. जागा पुरत नव्हती, म्हणून एक काढला."

त्या गृहस्थांविरुद्ध आमची काहीच तक्रार नाही. त्यांना जागा हवी होती आणि वरवर पाहता त्यांचे म्हणणे खरेही होते. आमचे भांडण आहे ते हेच वाक्य अधिक शिकलेल्या मुखांतून, अधिक पुस्तकी शब्दांत ऐकू येते त्याच्याशी. ग्रहांच्या छायाचित्रांच्या त्रिमितीय जोड्या हा पोरखेळ आहे, असे काही खगोलप्रेमीच म्हणतात. ती फसवणूक आहे, असे दुसरे म्हणतात. आणि तिसरे, जे आम्हांला सर्वांत घातक वाटतात, ते म्हणतात की दुसरे चित्र काढण्याचा खटाटोप कशाला, एकाच चित्रातून संगणक आता हवी तेवढी खोली काढून देतो. या तिघांनाही एकेक उत्तर देणे आवश्यक झाले आहे.

आधी त्या पुठ्ठ्यावरून काय काढून टाकले गेले होते ते सांगतो. गुरूला स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करण्यास ९ तास ५५ मिनिटे लागतात. म्हणजे दर मिनिटास तो अर्ध्या अंशाहून थोडा अधिक वळतो आणि दहा मिनिटांत सुमारे सहा अंश. आता एखादे बेलफळ डोळ्यांसमोर दोन फुटांवर धरावे. माणसाच्या दोन डोळ्यांत सरासरी ६.३ सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे डावा डोळा ते फळ जरा डावीकडून पाहतो आणि उजवा जरा उजवीकडून. त्या दोन दृष्टिरेषांमधला कोनही सुमारे सहा अंशांचाच भरतो. बेलफळ गोल आहे हे आपल्याला हात न लावता कळते ते या सहा अंशांच्या फरकामुळे. गुरूकडे पाहताना हा फरक मिळणे अशक्य, कारण तो जवळात जवळ आला तरी साठ कोटी किलोमीटरांच्या आसपास असतो आणि तेवढ्या अंतरावर आपल्या दोन डोळ्यांतले अंतर शून्यवतच. पण आपण हललो नाही तरी गुरू वळतो. दहा मिनिटे थांबून घेतलेले दुसरे चित्र म्हणजे सहा कोटी किलोमीटर बाजूला सरकून उघडलेला दुसरा डोळाच होय. सेंटिमीटरांच्या जागी कोटी किलोमीटर आले, प्रमाण तेच राहिले.

ही जोडी पाहण्यास कुठलाही महागडा चष्मा लागत नाही. दोन चित्रांचे मध्यबिंदू सहा सेंटिमीटर अंतरावर येतील अशा बेताने ती छापावीत, मधोमध एक उभा पुठ्ठा धरून त्याची कड नाकाला टेकवावी, म्हणजे डाव्या डोळ्याला फक्त डावे आणि उजव्या डोळ्याला फक्त उजवे चित्र दिसते. मग दूरच्या झाडाकडे पाहावे तशी नजर सैल सोडावी. दोन गुरू सरकत सरकत एकमेकांवर येतात, क्षणभर थरथरतात आणि एकाएकी कागदाच्या मागे एक गोल वस्तू अधांतरी उभी राहते. उत्तर दिशा वर धरली तर नंतरचे चित्र डावीकडे आणि आधीचे उजवीकडे लावावे लागते, कारण गुरूचा दर्शनी भाग डावीकडून उजवीकडे सरकतो. अदलाबदल झाली तर गुरूची वाटी होते. आम्ही दुसरे चित्र पुन्हा टाचून हा प्रयोग सुरू केला, तेव्हा आठवीतली एक मुलगी बराच वेळ पुठ्ठ्याला नाक लावून उभी राहिली आणि मग ओरडली, "हा तं बेलावानी दिसते जी!" बेलफळाची उपमा आम्ही तिला दिली नव्हती. वर ती दिली आहे ती तिच्याकडूनच उसनी घेतलेली आहे.

आता पहिला आक्षेप, पोरखेळाचा. त्याचे मूळ आमच्या पिढीच्या आठवणींत आहे. त्रिमिती म्हटले की आम्हांला १९८४ च्या मल्याळी चित्रपटाचा पुढे हिंदीत आलेला 'छोटा चेतन' आठवतो, पुठ्ठ्याचा चष्मा आठवतो आणि अंगावर येणाऱ्या वस्तू पाहून किंचाळणारे चित्रपटगृह आठवते. पण त्रिमितिदर्शकाचा जन्म करमणुकीसाठी झालेला नाही. चार्ल्स व्हीट्स्टन याने १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तो मांडला तो दोन डोळ्यांना दोन भिन्न चित्रे दिसत असताना मनाला एकच घन वस्तू का भासते, या प्रश्नाचे उत्तर म्हणून. त्यानंतर वीस-बावीस वर्षांच्या आतच वॉरन डी ला रू या इंग्लिश हौशी खगोलनिरीक्षकाने चंद्राच्या जोड्या तयार केल्या होत्या. चंद्र आपल्याला एकच बाजू दाखवतो असे आपण शाळेत शिकतो, पण तो थोडा डुलतो. कधी पूर्वेकडून, कधी पश्चिमेकडून जास्तीत जास्त आठ अंशांपर्यंत आपली कड उघडी करतो. कला तीच, पण डुलणे वेगळे, अशा दोन रात्री गाठायच्या तर महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. डी ला रू याने ती पाहिली. याला पोरखेळ म्हणायचे असेल तर चिकाटीचा अर्थ बदलावा लागेल.

आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने तरी हा आक्षेप घेऊ नये. उपग्रहांचे युग येण्यापूर्वी जंगलाची मोजणी हवाई छायाचित्रांवरून होत असे. विमानातून घेतलेल्या लागोपाठच्या दोन छायाचित्रांत साधारण साठ टक्के जमीन तीच येईल असा बेत मुद्दाम केलेला असतो. ही जोडी त्रिमितिदर्शकाखाली ठेवली की टेकडी वर येते, नाला खाली जातो आणि सागाच्या शेंड्याची उंची मोजता येते. देशातल्या वनसंपत्तीच्या पाहणीचा जो प्रकल्प १९६५ मध्ये सुरू झाला आणि ज्यातून १९८१ मध्ये भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उभी राहिली, त्याच्या हाती हेच साधन होते. तेव्हा कुणी असे म्हटल्याचे ऐकिवात नाही की साठ टक्के भाग सारखाच आहे, तर एक फोटो काढून टाका. ताडोब्यातला वनरक्षक सुद्धा वाघाच्या वाटेवर कॅमेरे लावतो ते दोन्ही बाजूंना, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगवेगळे असतात आणि एकाच अंगाचे चित्र हाती असले तर दोन वाघांची गणती एक किंवा एकाची दोन होऊ शकते. तिथे त्रिमिती नसली तरी धडा तोच आहे. एका बाजूने घेतलेले चित्र साक्षीदार म्हणून अपुरे पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, म्हणून त्याला अधिक जागा देतो. तो असा की, दोन डोळे एकाच क्षणी पाहतात. तुमची दोन चित्रे दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेली आहेत, तेव्हा त्यांतून दिसणारी खोली ही खोली नसून काळ आहे. इस्रोने ५ सप्टेंबर २०२३ रोजी प्रसिद्ध केलेले विक्रमचे त्रिमितीय चित्र खरे, कारण प्रज्ञान या बग्गीवरच्या डाव्या-उजव्या कॅमेऱ्यांनी घेतलेल्या चित्रांपासून ते बनले आहे. तुमचा गुरू मात्र खोटा.

हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि आम्ही तो मान्य करतो. मान्य करतो एवढेच नव्हे, तर त्याचा हिशेबही मांडून दाखवतो. गुरूचे ढग वाऱ्याने आपापसांत सरकतात हे खरे. पण सेकंदाला शंभर मीटर वेगाचा वारा घेतला तरी दहा मिनिटांत ते सरकणे साठ किलोमीटर भरते, आणि त्याच वेळात परिवलनामुळे बिंबाच्या मध्यावरचा ढग साडेसात हजार किलोमीटर पुढे जातो. त्यामुळे जोडीत दिसणारा गुरूचा गोलवा खरा आहे. पण कुणी त्या जोडीकडे बोट दाखवून म्हणू लागला की पाहा, तांबड्या डागाचे वादळ किती खोल गेले आहे, तर त्याला तिथेच थांबवावे. शंभर किलोमीटरच्या उंचसखलपणाने जोडीत फार तर दहा किलोमीटरांचा फरक पडेल. आणि आठ इंची दुर्बिणीला गुरूवरचे हजारभर किलोमीटरांचे तपशील दिसले तरी ती रात्र साजरी करावी अशी परिस्थिती असते. त्या डागाची मुळे सुमारे तीनशे ते पाचशे किलोमीटर खोल असल्याचे जे अनुमान २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, ते ज्युनो यानाने सूक्ष्मलहरींची आणि गुरुत्वाकर्षणाची मोजमापे घेतली त्यावरून. चंद्रपूरच्या गच्चीवरून ते दिसत नाही. दिसते असे म्हणणारा स्वतःला तरी फसवतो, नाहीतर दुसऱ्याला.

याहून मोठी गंमत गुरूच्या चंद्रांची आहे. आयो हा उपग्रह गुरूच्या बिंबासमोरून जात असताना त्याची काळी सावली ढगांवर पडते. आमच्या एका जोडीत असा प्रसंग सापडला आहे. ती पाहिली की आयो ढगांच्या वर तरंगताना दिसतो, हे ठीकच. पण त्याची सावलीही ढगांच्या वर, काळ्या मण्यासारखी, अधांतरी तरंगताना दिसते! सावली हवेत कशी तरंगेल? उत्तर सोपे आहे. आयो सेकंदाला सतरा किलोमीटरांहून अधिक वेगाने धावतो. दहा मिनिटांत तो आणि त्याच्याबरोबर त्याची सावली दहा हजार किलोमीटरांवर पुढे जातात, तर खालचे ढग साडेसातच हजार. जे अधिक सरकले ते जवळचे, असा डोळ्यांचा अढळ नियम. म्हणून सावली वर उचलली जाते. आयोही आपल्या जागी दिसत नाही. तो ढगांपासून वस्तुतः साडेतीन लाख किलोमीटर वर आहे. जोडीत तो सत्तावीस हजारांच्या आसपास दिसतो. हा दोष आहे. पण तो मोजता येणारा, कारण सांगता येणारा, घड्याळाकडे पाहून दुरुस्त करता येणारा दोष आहे. आठवीतल्या मुलीला हा दोष समजावून सांगितला तर वेग, काळ, अंतर आणि दृष्टी ही चारही प्रकरणे तिला एका सावलीत सापडतील. ज्याला हे फसवणूक वाटते त्याने नकाशाला तरी खरे का मानावे? गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना तोही कुठेतरी ताणलेला असतोच; तो कसा आणि किती ताणला हे लिहिलेले असते म्हणून आपण त्यावर विश्वास ठेवतो.

इथून आम्ही तिसऱ्या पक्षाकडे वळतो. त्यांच्याकडे एकच छायाचित्र असते. संगणकातील आज्ञावलीला ते सांगतात की हा चेंडू आहे. ती आज्ञावली ते चित्र चेंडूवर कातड्यासारखे गुंडाळते, चेंडू सहा अंश फिरवते आणि 'दुसरे' चित्र छापून देते. अलीकडे तर चेंडू आहे असे सांगण्याचीही गरज उरलेली नाही. यंत्राने लाखो चित्रे पाहिलेली असल्यामुळे ते स्वतःच अंदाजाने खोली भरून टाकते. निर्माण होणारी जोडी गुळगुळीत, नेत्रसुखद आणि आमच्या धडपडीच्या जोडीपेक्षा शंभर पटींनी लवकर तयार होणारी असते. समाजमाध्यमांवर वाहवा तिलाच मिळते. तंत्राबद्दल आमचे काही म्हणणे नाही. विनज्युपॉस ही आज्ञावली जगभरचे हौशी ग्रहछायाचित्रकार वापरतात. गुरूच्या परिवलनामुळे चित्र पुसट होऊ नये म्हणून ते परिवलन गणिताने उलटे फिरवून कित्येक मिनिटांची चित्रे एकत्र करतात. त्यात गैर काही नाही, कारण काय केले हे ते सांगतात.

गैर आहे ते एका चित्रातून काढलेल्या जोडीला निरीक्षण म्हणणे. त्या जोडीत गुरू गोल दिसतो, कारण तो गोल आहे असे आधीच सांगून ठेवले होते. दिलेले उत्तरच प्रश्नातून परत मिळाले. चेंडूऐवजी घनाकृती पेटी आहे असे सांगितले असते तर पेटीही तितक्याच आज्ञाधारकपणे दिसली असती. आणि या दोन प्रकारच्या जोड्या ओळखण्याची एक कसोटी आमच्याकडे आहे; वरच्या सावलीनेच ती आम्हांला दिली. गुंडाळलेल्या जोडीत आयोची सावली ढगांना इमानाने चिकटलेली असते. दिसायला ते बरोबरच. पण तिथे आयो स्वतःही ढगांना चिकटलेला असतो, कपाळावरच्या टिकलीसारखा. साडेतीन लाख किलोमीटर दूरचा उपग्रह आणि ढगांवरची सावली यांत त्या जोडीला काहीच फरक कळत नाही, कारण तिने दुसऱ्यांदा आकाशाकडे पाहिलेलेच नसते. आमच्या जोडीतली तरंगणारी सावली चुकीच्या उंचीवर आहे, पण ती खऱ्या दहा मिनिटांची खूण आहे. त्यांची बिनचूक सावली कुठल्याच मिनिटाची नाही.

येथे कुणी म्हणेल की एवढे चिडण्यासारखे यात काय आहे. चित्र सुंदर असले म्हणजे झाले. त्यांना आम्ही २ एप्रिल २०२२ ची आठवण करून देतो. तो गुढीपाडव्याचा दिवस होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आकाशातून जळत्या तुकड्यांची एक रांग सरकत गेली आणि विदर्भातल्या गावोगावच्या अंगणांतून मोबाइलचे कॅमेरे वर झाले. उल्का, उपग्रह, विमान असे तर्क फिरू लागले. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. पवनपार येथे धातूचा गोळा सापडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या लाँग मार्च ३बी या चिनी प्रक्षेपकाचा तिसरा टप्पा वातावरणात परतताना जळाला असावा, असे हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातील जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले. आता एका जागेवरून अशी जळती वस्तू पाहणाऱ्याला ती नेहमी आपल्याच शिवारामागे पडल्यासारखी वाटते. कितीही स्वच्छ चित्र घेतले तरी त्या एका चित्रात वस्तू दोन किलोमीटर वर आहे की ऐंशी, हे लिहिलेले नसते. ते लिहिलेले असते दोन चित्रांच्या मध्ये. नागपूर आणि चंद्रपूर यांच्यात सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर अंतर आहे. दोन्ही ठिकाणांहून त्याच सेकंदाला घेतलेली दोन चित्रे, घेणाऱ्याच्या उभे राहण्याची जागा आणि मागचे तारे एवढे हाती असले की उंची, दिशा, वेग आणि तुकडे कुठे पडतील त्या गावांचा पट्टा, सारे शाळेतल्या त्रिकोणमितीने निघते. नागपूर हा डावा डोळा, चंद्रपूर हा उजवा. ग्रहांच्या जोड्या पाहायला शिकलेल्या मुलाला हे निराळे शिकवावे लागत नाही.

समजा त्या संध्याकाळी कुणी एकाच चित्रफितीवरून यंत्राकरवी खोली 'तयार' केली असती, तर ती दिसली असती सुरेख. आणि शोध घेणारे भलत्याच जंगलात हिंडले असते. तीन मीटरचे कडे कुठल्या गावावर कोसळणार हा प्रश्न नेत्रसुखाचा नाही. खोली ही मोजलेली असावी, भरलेली नसावी, हा आमचा आग्रह आहे तो यासाठी.

साहित्याचा वाचक एवढ्यात विचारील की गुरू आणि आयो यांच्याशी आपला काय संबंध. संबंध 'खोली' या शब्दाचा आहे. मराठी समीक्षेत या शब्दाची उधळपट्टी फार झाली आहे. कादंबरीला खोली असते, कवितेला असते, व्यक्तिरेखेला तर असावीच लागते. ही खोली मोजली कशी, कुठल्या दोन ठिकाणांवरून, त्या ठिकाणांत अंतर किती होते, हे समीक्षक क्वचितच सांगतो. पुष्कळदा त्याच्यापाशी एकच चित्र असते आणि खोली त्याने स्वतःच्या सिद्धान्ताच्या चेंडूवर गुंडाळून काढलेली असते. आमच्या या दोन जिल्ह्यांबद्दल, जे १९८२ पर्यंत एकच होते, बाहेर जे लिहिले जाते त्याचीही तीच गत आहे. चंद्रपूर म्हटले की वाघ आणि कोळसा, गडचिरोली म्हटले की चकमक. चित्र एकदा ठरले. मग त्यालाच छायाप्रकाश देऊन उठाव आणायचा.

मात्र हे रूपक आम्ही फार ताणणार नाही, कारण कुठल्याही दोन दृष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे जोडी होते असे नाही. गुरूची दोन चित्रे दहा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटांच्या अंतराने घेतली तर कोन चोवीस अंशांचा होतो, चित्रे एकमेकांवर बसत नाहीत आणि डोके तेवढे दुखते. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड वस्त्यांत जाऊन तिथले आकाशज्ञान नोंदवले. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. सप्तर्षींच्या ज्या चौकोनात आपल्याला ऋषी दिसतात तिथे गोंड माणसाला खाट दिसते आणि शेपटीच्या तीन ताऱ्यांत ती खाट पळवायला आलेले चोर. ऋषी आणि खाट एकमेकांत मिसळून तिसरे काही घन उभे राहील, असा दावा करणे ढोंग होईल. पण तारे तेच सात आहेत आणि पाहणारे दोन आहेत, एवढी नोंद केली तरी पुस्तकातले आकाश हे एका जागेवरून घेतलेले एक चित्र आहे हे कळते. जागा पुरत नाही म्हणून आजवर पुठ्ठ्यावरून कुणाचे चित्र काढले गेले, हेही मग आपसूक कळते.

आता आमच्या मागण्या, ज्या फार नाहीत. त्रिमितीय ग्रहचित्र म्हणून जे जे प्रसिद्ध होईल त्याखाली दोन्ही चित्रांच्या वेळा मिनिटांसह छापल्या जाव्यात. जोडी एकाच चित्रातून बनवलेली असेल तर तसे स्पष्ट लिहावे. तिला रेखाटन म्हणावे, निरीक्षण म्हणू नये. ज्यांना ही कटकट वाटते त्यांना १९ जुलै २००९ ची एक गोष्ट सांगतो. ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला त्या रात्री गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक नवा काळा व्रण दिसला. काहीतरी गुरूवर आदळले होते आणि जगातल्या मोठ्या दुर्बिणी त्याच्या सांगण्यावरून तिकडे वळल्या. व्रण नवा आहे हे तो म्हणू शकला ते वेळेनिशी केलेल्या नोंदींमुळे. हौशी माणसाच्या चित्राला पुरावा म्हणून जी किंमत येते ती त्याखालच्या वेळेमुळे. वेळ पुसून टाकली की उरते ती शोभा.

आणि शेवटची मागणी शाळांकडे आहे. गावात कधीतरी येणाऱ्या त्रिमितीय खेळाच्या तंबूत मुलांना रांगेने नेण्यापूर्वी त्यांच्या हाती दोन कागद द्यावेत. ग्रहांच्या छायाचित्रणाला गर्द काळोख लागत नाही. ग्रह तेजस्वी असतात. औष्णिक वीजकेंद्राच्या दिव्यांनी उजळलेल्या चंद्रपूरच्या आभाळातूनही गुरू टिपता येतो. लागते ती स्थिर हवा आणि ग्रह डोक्यावर असणे, कारण डोक्यावर हवेचा थर सर्वांत पातळ असतो. ७ डिसेंबर २०२४ च्या प्रतियुतीच्या दिवसांत गुरू मध्यरात्रीच्या सुमारास या दोन जिल्ह्यांच्या खस्वस्तिकापासून जेमतेम दोन अंशांवरून जात होता. लंडनच्या निरीक्षकाला तो तेव्हा माथ्यापासून एकोणतीस अंश खाली मिळत होता. साधने कमी असलेल्या जिल्ह्यांना आकाशाने दिलेली ही सवलत आहे, आणि गुरूला तीच राशी गाठायला बारा वर्षे लागतात. मंगळही चालेल, तो सावकाश वळतो, त्याला सहा अंशांसाठी पंचवीस मिनिटे द्यावी लागतात. तेवढा वेळ गच्चीवर शेकोटीशी बसून काढता येतो.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आवराआवर चालू असताना ते व्यवस्था पाहणारे गृहस्थ पुन्हा आले. त्यांनी उभा पुठ्ठा नाकाला लावून पाहिला. पहिल्यांदा काही दिसले नाही, दुसऱ्यांदाही नाही. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून त्यांनी तिसऱ्यांदा पाहिले आणि बराच वेळ ते बोलले नाहीत. मग त्यांनी खिशातून एक टाचणी काढली आणि उजवीकडच्या चित्राचा सुटलेला कोपरा नीट बसवून दिला.